दोन चक्रं आधी

इन्क्युबेटरमध्ये सदतीस अंश, बारा महिने.
बाहेर फतेगंजात जानेवारीत शाली निघतात,
मे महिन्यात डांबर चप्पल सोडत नाही,
यांना त्याचं काही नाही.
गुलाबी पाण्याच्या तळाला चिकटून पसरल्यात
दाता क्रमांक सातच्या पेशी,
मसुरीएवढ्या कातडीच्या तुकड्यातून निघालेल्या.
फ्लास्कवर माझ्याच अक्षरात: फेरी एकतीस.

हसमुखभाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात.
"बेन, आ तो एकदम सरस छे."
खरंच. लांबट, निमुळत्या, सगळ्या एका अंगाला वळलेल्या,
सुरसागरात कुणी पाव टाकल्यावर
मासे वळतात तशा.
एकही फुगलेली नाही.
म्हातारपण दाखवणारा निळा रंग घालून पाहिला:
काच कोरीच.

पण त्यांचा आरएनए मी सकाळीच काढून ठेवला होता.
संध्याकाळी सहाला पडद्यावर
एक रेघ जमीन सोडते, तेविसाव्या चक्राला.
मागच्या फेरीत ती पंचविसाव्याला उठली होती.
दोन चक्रं आधी.
दोन म्हणजे दुप्पट नव्हे. चौपट.

जे जनुक पेशीला सांगतं, आता पुरे, थांब,
ते चौपट बोलायला लागलंय.
आणि केंद्रकाची भिंत आतून सावरणारं दुसरं
कामावर उशिरा येतंय.
बाहेर कुणाला खबर नाही.
पेशीला स्वतःला आहे का, ते विचारायची सोय नाही.

घरी अप्पांनी विचारलं, काय सापडलं आज?
चौतीस वर्षं ते मांडवीजवळच्या ग्रंथालयात
तारखेचा शिक्का मारत होते.
म्हटलं, समजा तुमचं कपाट.
एक पुस्तक गहाळ नाही, वाळवी नाही,
सगळं जिथल्या तिथं.
तरी काहीतरी बदललंय.
तर ते कपाटात नाही दिसणार,
देवघेवीच्या वहीत दिसेल.
रोज काय बाहेर जातंय,
कशावर शेवटचा शिक्का कधीचा आहे.

"म्हणजे आमचा मराठी विभाग," अप्पा म्हणाले,
आणि मग बराच वेळ तेच बोलत होते.
हॉल भरलेला असायचा, हर्षू.
दिवाळी अंकांवरून भांडणं व्हायची,
खुर्च्या शेजारच्या खोलीतून आणाव्या लागत.
पण बालविभागातली पुस्तकं
परत यायची, ती पुन्हा जायची नाहीत.
ते मला वहीत दिसलं. मी साहेबांना कागद दिला.
साहेब म्हणाले, शिंत्रे, हॉल तर भरलाय!

मग आम्ही जेवायला बसलो.
मी पापड भाजता भाजता म्हणून गेले,
"हसमुखभाईंनी आज माझी मदत केली."
चुकून निघालं तोंडून.
लहानपणापासून या वाक्याला चमचा ताटावर आपटतो:
माझी नाही! मला! मला मदत केली!
पाहुण्यांसमोर, लग्नात, एकदा तर
आयसीयूच्या दारात डॉक्टरांनासुद्धा.
या घरात चुकीच्या मराठीला कधी माफी नव्हती.

अप्पांनी आमटीचा भुरका घेतला.
"बरी झालीय," म्हणाले. "कोकम जरा जास्त."

शुगर ठीक. दाब ठीक. अक्षर अजून मोत्यासारखं.
सकाळी सयाजीबागेला दोन चकरा,
परतताना पेपर, कोथिंबीर, सुटे पैसे बरोबर.
कुठलाही रंग घाला,
काच कोरीच निघेल.

एका मोजणीवर आम्ही विश्वास ठेवत नाही.
एकच नमुना तीन नळ्यांत घालायचा,
तिन्ही रेघा एकावर एक पडल्या
तरच वहीत लिहायचं.

म्हणून बुधवारी मी पुन्हा तेच वाक्य टाकलं,
या वेळी मुद्दाम, जरा मोठ्याने.
ते खिडकीतून खालच्या शेवउसळवाल्याकडे बघत होते.
"हं," म्हणाले.

आज शनिवार.
पेशींचं पाणी बदललं, फ्लास्कवर बत्तीस लिहिलं.
अप्पा समोर बसलेत, लसूण सोलताहेत,
मी त्यांच्याशी अगदी शुद्ध बोलते आहे.
तिसरी नळी
अजून भरलेली नाही.